काळ्या ट्यूबांचा डबा

बोरिवली (पूर्व)
रविवार, १० जून १९८४
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

प्रिय इनासदादा,

सप्रेम नमस्कार. वर्ग सुटला, मुलं गेली. मी हॉलच्या मोरीत बसून सगळ्यांच्या पॅलेट धुतल्या, भिंतीला टेकवून ठेवल्या आणि हे पत्र लिहायला घेतलं. हात अजून ओले आहेत, म्हणून पहिल्या ओळीत शाई फुटली आहे. माफ कर.

तू मुलुंडच्या त्या दुकानाचा बोर्ड रंगवताना शिडीवरून पडलास त्याला आता महिना होत आला. मांडीपर्यंत प्लास्टर असलेल्या माणसाला कसा आहेस विचारणं बरोबर नाही, तरी विचारतो.

तुझा चित्रकलेचा वर्ग मी घेण्याचा आज पहिला दिवस. तू सांगितल्याप्रमाणे स्टिल लाइफ मांडलं. आईचा पितळी तांब्या, दोन वांगी, मागे हिरवट चादर, उजेड डाव्या खिडकीतून. राजारामने आल्या आल्या विचारलं, "सर कधी येणार?" मी म्हटलं, पाय बरा झाला की. तो म्हणाला, "म्हणजे तोपर्यंत सुट्टी का?" सगळे हसले. मीही हसलो.

वर्गात सरांची खुर्ची एकच आहे. तिच्यावर मी बसलो नाही. उभं राहूनच शिकवलं. मुलं मला धाकूदादा म्हणतात, तेही साहजिक आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी त्यांच्या पाण्याच्या वाट्या भरत होतो आणि बाकीचे दिवस तुझ्याबरोबर बोर्ड रंगवत होतो. तुझ्याकडे आर्ट स्कूलचा डिप्लोमा आहे. मी दहावी नापास, आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत बी ग्रेड. पण बोर्डावर माझं एक अक्षर कधी चुकलेलं नाही, हे तुलाही माहीत आहे.

सुलक्षणाचे वडील, काशीरामकाका, दारात भेटले. मिलच्या संपानंतर ते एका सोसायटीत वॉचमन आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सप्टेंबरच्या इंटरमिजिएटला पोरीला ए ग्रेड आला तर दहावीनंतर आर्ट स्कूलला घालीन. नाही आला तर टायपिंग. तिलाही हे मान्य आहे." ती मागे उभी होती. तिने मान हलवली. तेव्हा आता सगळं त्या एका अक्षरावर आहे.

एक विचारायचं राहिलं. पहिल्या दिवशी तू सगळ्यांच्या पेट्यांतून काळ्या रंगाच्या ट्यूब काढून घेतल्या होत्यास. नावाच्या चिठ्ठ्या लावलेला तो बिस्किटांचा डबा कपाटात आहे. त्याचं काय करायचं ते कळव.

तुझा,
धाकू


गोराई
१४ जून

धाकू,

प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि मी ल्युसीची क्रोशाची सुई घालून खाजवतो, असा आहे मी. बहिणीची सुई गेली, तिचा टेबलक्लॉथ अर्धा राहिला, त्याचे टोमणे वेगळे.

डब्याचं काहीही करायचं नाही. कपाटाची किल्ली हरवलीस तरी चालेल. काळा हातात आला की पोर बघायचं थांबतं. सावली दिसली, काळा. केस दिसले, काळा. तांब्याच्या आतला अंधार, काळा. संपलं. त्यापेक्षा निळ्यात विटकरी घालू दे, किरमिजीत हिरवा घालू दे. वांग्याजवळ जाऊन त्यालाच विचारू दे, बाबा रे, तुझा अंधार नक्की कुठला.

दुसरं. मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. चुकलं तर वर बटर पेपर ठेव, त्याच्यावर काढून दाखव, आणि बटर पेपर उचलून घे. कागद त्याचा आहे. तू अक्षरवाला. अर्धवट कड दिसली की तुझा हात शिवशिवतो, मला माहीत आहे. तो खिशात घाल.

तिसरं, सुलक्षणा. तिला फार शिकवू नकोस. ती बघते. बघणाऱ्याच्या मध्ये उभं राहायचं नाही, एवढंच आपलं काम. बाकीच्यांना दामटून शिकव. राजारामचा तांब्या दर वेळी बादली होतो.

फी निम्मी तुझी, निम्मी माझी. हॉलचं भाडं आधी दे. मांडणी झकास असणार, त्यात तू चुकत नाहीस. खिडकी डावीच ठेव.

इनास


बोरिवली (पूर्व)
गुरुवार, १२ जुलै १९८४

प्रिय इनासदादा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या सूचना मी पाठ केल्या आहेत. फक्त बघणाऱ्याच्या मध्ये उभं राहायचं नाही, हे मला नीट कळलं नाही. मग शिक्षकाने कुठे उभं राहायचं?

गेल्या रविवारी वर्गाला जयंती एकटी आली. मी नवी मांडणी केली होती. कंदील, काचेची बाटली आणि कांदे. कांदे फिकट गुलाबी सालीचे हवे होते, म्हणून बाजारात भाजीवालीची पाटी उपसली. ती म्हणाली, "भाजीला हवेत की लग्नाला?" आणि ते कांदे बघायला वर्गात कोणी नाही. मी जयंतीला एकटीलाच शिकवलं. तीसुद्धा मध्ये मध्ये दाराकडे बघत होती.

आज विचारल्यावर राजाराम म्हणाला, "सरांना बघायला गेलो होतो गोराईला. धाकूदादा, तुला माहीत नव्हतं?" सुलक्षणा ब्रश धूत होती, ती धूतच राहिली.

मला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर मीही आलो असतो. होडीचं तिकीट मलाही परवडतं. तुला भेटायला यायचं माझ्याही मनात कधीपासून आहे, पण रविवारी वर्ग असतो म्हणून मी येत नाही. ज्यांच्यासाठी येत नाही तेच गेले.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "सर सर काय करतंस, पेज निवली ती बघ."

सुलक्षणाने वांग्याचं चित्र तुला दाखवायला नेलं होतं असं कळलं. ते अजून पूर्ण नाही. त्याच्याबद्दल काही मत बनवण्याआधी हे लक्षात घे.

तुझा,
धाकू


गोराई
१७ जुलै

धाकू,

मी बोलावलं नव्हतं. आली. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन सगळी ओटीवर उभी. आईने भात आणि बोंबलाचं कालवण घातलं. राजाराम परत परत वाढून घेत होता.

जेवण झाल्यावर चित्रं काढायला बसली. मॉडेल मी, दुसरं कोण पळून जाऊ शकत नाही असं होतं. सुलक्षणाने फक्त माझा पाय काढला. पांढरं प्लास्टर, धाकू, पांढऱ्या चादरीवर. आणि त्यात तिने निळा बघितला, पिवळसर बघितला, खिडकीच्या बाजूला केळीचा हिरवा बघितला. माझा पाय एवढा सुंदर कधी नव्हता. भिंतीवर लावून घेतलाय. आई म्हणते क्रूसाच्या शेजारी नको, म्हणून जरा खाली.

आता वांगी. चांगली आहेत. फक्त डाव्या वांग्याच्या देठापासून खाली जी गर्द रेघ उतरली आहे ती तिची नाही. एका दमात ओढलेली, वर जाड, खाली बारीक. किराणा दुकानाच्या बोर्डावरच्या 'ण'चा दांडा आहे तो. तो हात मी तुला शिकवला. मला नको सांगूस चित्र पूर्ण नाही म्हणून.

मी तिला विचारलं, पुसून का टाकली नाहीस. म्हणाली, "धाकूदादाला वाईट वाटलं असतं."

पंधरा वर्षांची पोर तुला सांभाळून घेते, धाकू. पुन्हा तिच्या कागदाला हात लावलास तर हा पाय खांद्यावर घेऊन तिथे येईन.

इनास


बोरिवली (पूर्व)
शुक्रवार, ३ ऑगस्ट १९८४

प्रिय इनासदादा,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर केला, कारण रागात लिहिलेलं अक्षर वाकडं येतं.

तो दांडा माझा आहे. वांग्याला त्या बाजूने कड नव्हती. ते मागच्या चादरीत विरघळत चाललं होतं. वांगं कुठे संपतं आणि चादर कुठे सुरू होते हे कळत नाही अशा चित्राला परीक्षक ए ग्रेड देईल का? तू पडल्या पडल्या पायाचं चित्र बघू शकतोस. माझ्यासमोर सप्टेंबर आहे आणि काशीरामकाका आहेत. ते दर गुरुवारी ड्युटीवर जाताना हॉलच्या दारात थांबतात आणि फक्त "काय?" असं विचारतात.

आणखी एक कळवायचं आहे. काल मी डबा उघडला.

चिठ्ठ्यांवरची नावं वाचून प्रत्येकाची काळी ट्यूब प्रत्येकाला परत दिली. राजारामने शिट्टी मारली. सगळे टेबलाभोवती जमले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "थँक्यू सर." मग आणखी कोणीतरी म्हणालं. मी मागे वळून बघितलं, तू आलास की काय म्हणून. दारात कोणी नव्हतं.

काळा कसा वापरायचा तेही मी शिकवलं. शेवटी, थोडा, आणि हात न थांबवता. मुलांनी बोर्डाच्या अक्षरासारख्या रेघा ओढून बघितल्या. तास कसा गेला कळलं नाही.

सुलक्षणाने तिची ट्यूब घेतली नाही. म्हणाली, "माझी राहू दे सरांकडेच." मी म्हटलं, "सर गोराईला आहेत. इथे मी शिकवतो. घे." तिने घेतली आणि पेटीत ठेवली. उघडली नाही. मी तास संपेपर्यंत लक्ष ठेवून होतो.

मी चुकलो असं मला वाटत नाही. तुला वाटत असेल तर लिही.

धाकू


गोराई
१४ ऑगस्ट

धाकूभाऊ,

मी ल्युसी. इनासने तुझं पत्र वाचलं आणि उशीखाली घातलं. रोज म्हणतो आज लिहितो. उद्या चर्चमध्ये सण आहे, मला तांदूळ भिजवायचे आहेत, पण आधी हे लिहून टाकते.

प्लास्टर निघालं. पाय बोटभर आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण शिडी विसरा. म्हणजे बोर्डाचं काम संपलं. इनास होडीत बसल्यावर म्हणाला, "मग आता वर्गच राहिला." आणि घरी येऊन बघतो तर तुझं पत्र, की मुलं तुला सर म्हणाली.

आता जे त्याने तुला लिहिलं नसणार ते सांगते. मुलं आमच्याकडे जेवत होती तेव्हा सगळा वेळ तुझंच चाललं होतं. धाकूदादा श्वास रोखून रेघ ओढतो. धाकूदादा पट्टी न लावता 'क' काढतो. धाकूदादा पॅलेट अशा धुतो की नव्या वाटतात. त्या राजारामने ताटातल्या कालवणात बोटाने 'ण' काढून दाखवला. इनास भिंतीकडे तोंड करून झोपला. पाय दुखतो म्हणाला. पाय दुखत नव्हता.

नळावरच्या बायका बऱ्या. त्या निदान पाण्यावरून भांडतात. तुमचं काय चाललंय ते तुमचं तुम्हाला माहीत. त्या मुलीची परीक्षा तेवढी नीट होऊ द्या.

ल्युसी


बोरिवली (पूर्व)
रविवार, ३० सप्टेंबर १९८४

प्रिय इनासदादा,

सप्रेम नमस्कार. ल्युसीताईने पायाचं कळवलं. वाचून वाईट वाटलं. बाकीचंही वाचलं.

परीक्षा झाली. स्टिल लाइफचा पेपर परवा शुक्रवारी होता. मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभा होतो, पालक उभे असतात तसा. मांडणीला काय दिलं होतं माहीत आहे? काळी लोखंडी कढई. पांढरी कपबशी आणि एक लिंबू. पण मुख्य कढई. काजळासारखी काळी.

राजाराम सगळ्यात आधी बाहेर आला. म्हणाला, "काळा दिलात ते बरं झालं सर. कढई पाच मिनिटांत उरकली." त्याने मला सर म्हटलं आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

सुलक्षणा शेवटी आली. मी आधी तिची बोटं बघितली. निळी होती, विटकरी होती. काळी नव्हती.

मी विचारलं, "कढई कशी झाली?"

"अर्धी."

"अर्धी म्हणजे?"

"आत खिडकी दिसत होती. मग लिंबू दिसायला लागलं, कढईच्या आत, हिरवंसं. ते कुठपर्यंत जातं ते बघत बसले. घंटा झाली."

मी तिला रागावलो नाही. वाटेत भेळ घेऊन दिली. तिने खाल्ली नाही, भावाला म्हणून बांधून घेतली.

तिच्या मध्ये उभं राहू नकोस असं तू म्हणाला होतास. ऑगस्टनंतर मी उभा राहिलो नाही. तिच्या कागदाला हात लावला नाही. तिच्या मागून जातानासुद्धा हात खिशात ठेवत होतो. आता वाटतं, मध्ये उभं राहायला हवं होतं. निदान घड्याळाकडे बघ एवढं तरी सांगायला हवं होतं. ते तू शिकवलं नाहीस आणि मला शिकवू दिलं नाहीस.

तुझा,
धाकू


गोराई
५ ऑक्टोबर

धाकू,

ती अर्धी कढई मला बघायची आहे. परीक्षेचे कागद परत देत नाहीत, नाहीतर विकत घेतली असती.

अडली ती तुझ्यामुळे. पेटीत काळा नसता तर तिने सरळ आपला रंग कालवला असता. समोर काळी कढई, पेटीत काळी ट्यूब, डोक्यात मी आणि फाटकाबाहेर तू. एवढ्या गर्दीत पोर काम काय करणार?

निकाल येऊ दे. मी काठी घेऊन ओटीवर चालतो. कोंबड्या बाजूला होतात, एवढी प्रगती आहे.

इनास


बोरिवली (पूर्व)
सोमवार, ७ जानेवारी १९८५

प्रिय इनासदादा,

निकाल लागला. सुलक्षणाला बी ग्रेड.

राजारामलाही बी. हे मला जास्त लागलं. त्याची कढई पूर्ण होती आणि तिच्यात काहीच नव्हतं.

काल मी काशीरामकाकांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "दहावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून टायपिंग. नाव घालून आलोय." मी म्हटलं, आर्ट स्कूलला इंटरमिजिएट पास असली की पुरते, ए लागतोच असं नाही. ते म्हणाले, "त्यांना लागत नसेल. मला लागत होता. मला चित्रातलं कळत नाही, म्हणून तर अक्षरावर ठेवलं होतं." मी म्हटलं, मी सांगतो ना, मुलीचा हात चांगला आहे. तेव्हा ते म्हणाले, "धाकू, तू भला मुलगा आहेस. पण तू बोर्ड रंगवणारा. तुझ्या शब्दावर पोर कशी पाठवू? सरांना आण. ते काय म्हणतात बघू."

सुलक्षणा आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला होता.

हे लिहिताना हात जड होतो, तरी लिहितो. तू ये. ते तुझंच ऐकतील. होडीपर्यंत घ्यायला मी येतो.

धाकू


गोराई
१० जानेवारी

धाकू,

रविवारी दुपारच्या होडीने येतो. धक्क्यावर थांब, पण माझा हात धरू नकोस. मी चालतो.

आणि तिथे तू बोलायचं नाही. मी बोलेन.

इनास


बोरिवली (पूर्व)
सोमवार, १४ जानेवारी १९८५
सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे

प्रिय इनासदादा,

आज संक्रांत. आई आत तीळ भाजते आहे आणि मी दारात पाटावर बसून लिहितो आहे. आज गोड बोलायचं असतं म्हणून काही गोष्टी लिहिणार नाही.

काल तू काशीरामकाकांच्या खोलीतून उठून गेलास त्यानंतर काय झालं ते तुला कळायला हवं. पण आधी काय झालं तेही लिहितो, कारण तुझं आणि माझं आठवणं कधी जुळत नाही.

सुरुवात तू चांगली केलीस. पोर गुणी आहे म्हणालास. काका ऐकत होते, काकू चहा गाळत होत्या. मग तू म्हणालास, "बी ग्रेड तिचा नाही. तिच्यावर काळा लादला गेला." मला बोलायचं नव्हतं. पण मी म्हणालो, "लादला? तिने तो उघडलासुद्धा नाही. बी आला तो बघत बसायला शिकवल्यामुळे."

तू म्हणालास, "निदान बघायला शिकवलं. वांग्यावर 'ण' नाही काढला."

मी म्हणालो, "मग परीक्षेला तुझा पायच मांडायला हवा होता."

ते मी बोलायला नको होतं. पाय हा शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं. काकू चहाचा कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग तू म्हणालास, "तूच बिघडवलीस तिला." आणि मी म्हणालो, "बरं, मीच बिघडवली. म्हणजे मी शिकवलं हे तरी कबूल कर."

त्यावर तू काठी जमिनीवर आपटून म्हणालास, "तू शिकवलंस? तिला मी शिकवलं. बिघडली असेल तर माझ्यामुळे. तिला बिघडवायची तुझी ऐपत नाही." आणि चहा न पिता गेलास. मी मागे आलो होतो, पण तू रिक्षाला हात केलास आणि मागे बघितलं नाहीस.

मी परत वर गेलो, कारण माझ्या चपला तिथेच राहिल्या होत्या.

काशीरामकाका कपात तोंड घालून हसत होते. आवाज न करता, खांदे हलत होते. मला म्हणाले, "बस रे." मी बसलो. ते म्हणाले, "जन्म मिलमध्ये गेला माझा. खात्यात कापड बिघडलं की काय व्हायचं सांगू? हा म्हणायचा माझं नाही, त्याचं. तो म्हणायचा माझं नाही, मागच्या पाळीचं. बिघडलेल्या मालाला कधी बाप नसायचा. आणि तुम्ही दोघं इथे माझ्या घरात येऊन भांडताय, मी बिघडवली, मी बिघडवली. म्हणजे माल बिघडलेला नाही."

मी काहीच बोललो नाही. या वेळी खरंच बोललो नाही.

ते म्हणाले, "टायपिंगमधून नाव काढतो. दहावी होऊ दे, जाऊ दे तिला. पण रंगाचा, कागदाचा खर्च मी करणार नाही. तो तुम्ही दोघांनी वाटून घ्यायचा. बघू किती दिवस माझी माझी म्हणताय."

सुलक्षणा मोरीच्या दारात उभी होती. ती हसली नाही की रडली नाही. आतून पेटी आणली, तिच्यातली काळी ट्यूब काढली आणि माझ्यापुढे धरली. टोपणावरचं सील तसंच होतं. म्हणाली, "ही डब्यात ठेवा, सर."

हे मी तुला मुद्दाम कळवतो. तिने मला सर म्हटलं. एकदाच म्हटलं, पण काकांनी ऐकलं आहे, विचारून घे.

नंतर जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मोठ्या सरांनी चहा घेतला नाही." म्हणजे तू मोठा झालास आणि मी नुसता सर. वाटभर मी त्याचाच विचार करत होतो.

बाकीच्या मुलांनी काळा ठेवायचा की परत डब्यात टाकायचा, यावर मी एकटा निर्णय घेणार नाही. येत्या रविवारी वर्ग तीन वाजता आहे. धक्क्यावर मी अडीचला असेन. हात धरणार नाही.

आज सकाळी जाऊन सुलक्षणाचं सामान आणलं. हिशोब खाली देत आहे. पावत्या जपून ठेवल्या आहेत.

जलरंगाच्या ट्यूब, काळी सोडून: ४२ रुपये
कार्ट्रिज पेपर: १५ रुपये
बारा नंबरचा ब्रश: १८ रुपये
एकूण: ७५ रुपये. पैकी तुझे निम्मे: ३७ रुपये ५० पैसे.
काल धक्क्यावरून काकांच्या घरापर्यंत रिक्षा, तुझ्यासाठी केली म्हणून पूर्ण तुझी: ६ रुपये.
तुझ्याकडून येणे: ४३ रुपये ५० पैसे. घाई नाही. दिले नाहीस तर सगळा खर्च माझा, आणि तसं मी काशीरामकाकांना सांगेन.
माझ्याकडून देणे: डिसेंबरच्या फीचा तुझा निम्मा हिस्सा, भाडं वजा जाता ६५ रुपये. रविवारी वर्गात हातात देईन.
वर्गासाठी दुसरी खुर्ची: अजून घेतलेली नाही. निम्मी तुझी, निम्मी माझी.

तुझा,
धाकू